अठ्ठावीस इंच

१२ जानेवारी २०२५

बाय डोरथी,

तुझं नाताळचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण घरात काम काढलंय आणि बसायला जागा नाही. कानाचं यंत्र पुन्हा बिघडलंय. फोन कानाला लावला की त्यात समुद्र वाजतो, माणूस ऐकू येत नाही. त्यामुळे तू फोनवर मला काही सांगू नकोस. मर्लिनला सांगितलंस तर ती मला ओरडून सांगते आणि सगळी वाडी ऐकते. सून चांगली आहे, आवाज मोठा आहे.

काम पश्चिमेच्या खोलीत आहे. ती भिंत दुपारनंतर किती तापते तुला ठाऊक आहे. जांभ्याचा चिरा उन्हात भाजतो आणि रात्रभर ऊब सोडत बसतो. रोनीने कुडाळहून चंदन नावाचा माणूस आणलाय. चिऱ्याच्या भिंतीला आतून पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यात फोमच्या जाड लाद्या, त्यावर सिमेंटचा बोर्ड. म्हणजे भिंतीच्या आत आणखी एक भिंत. साडेचार इंच खोली कमी झाली. पण काल दुपारी तीन वाजता आत उभा राहून बोर्डाला हात लावला, तर थंड लागला. पन्नास वर्षं सुतारकी केली, असं काही पाहिलं नव्हतं.

तुझी ट्रंक ओसरीवर आणून ठेवली आहे. ताडपत्री टाकली आहे, काळजी करू नको.

बाकी ठीक. आंब्याला मोहर बेताचा आहे. गुडघे दुखतात, पण ते इथे कुणाला सांगून काय उपयोग, तू नर्स आहेस, मी तुलाच सांगतोय.

तुझा,
सांतान

*

मिरज, २४ जानेवारी

बाब,

पत्र वाचलं आणि पुन्हा वाचलं. नाताळात मी रोनीला फोनवर म्हटलं होतं की हल्ली मला ऊन सोसत नाही आणि एप्रिलमध्ये येईन म्हणते. त्याने ते इतकं मनावर घेतलं याचं बरं वाटलं. माझ्यासाठी भिंतीच्या आत भिंत. इथे मी भाड्याच्या खोलीत राहते, तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं.

एकच विचारायचं आहे. खिडकीचं काय केलंत? भिंत साडेचार इंच पुढे आली, पण खिडकीची चौकट जुन्या भिंतीतच राहिली असणार. मग ती आता खोल गेली ना? आपल्या झडपा आत उघडतात. पूर्वी त्या पूर्ण मागे जाऊन भिंतीला टेकायच्या. आता कुठे टेकणार?

माझा पलंग उत्तरेच्या भिंतीला लावायचा, उशी पूर्वेला. म्हणजे पडल्या पडल्या समोर खिडकी येते आणि जरा डावीकडे, अंगणापलीकडे, वाटेवरचा दगडी क्रूस, आपला खुरीस, दिसतो. लहानपणी ताप आला की आपली माय मला तिथेच निजवायची. मे महिन्यात रोज संध्याकाळी खुरसाशी लादनीच्या प्रार्थनेला सगळे जमायचे, आणि मी आत पडून खिडकीतून प्रार्थनेची उत्तरं द्यायचे.

पलंग अठ्ठावीस इंच उंच असेल, गादीसकट. तेव्हा खिडकीची खालची फळी बसवताना वर चढवू नका. आहे त्या उंचीवर राहू दे. उगाच सिमेंटचा थर टाकून दोन इंच वाढवतात, आणि मग पडलेल्या माणसाला नुसतं आभाळ दिसतं.

थकवा आहे थोडा, बाकी ठीक.

डोरथी

*

५ फेब्रुवारी

बाय डोरथी,

तुझा प्रश्न बरोबर आहे आणि तो चंदनच्या डोक्यात आला नव्हता. बोर्ड लावून झाल्यावर त्याने झडप उघडली, ती काटकोनात येऊन अडली. दोन्ही झडपा आता खोलीत दोन हात पुढे केल्यासारख्या उभ्या राहतात. तुझ्या जागेवर खुर्ची ठेवून मी बसून पाहिलं. उजवी झडप बरोबर नजरेच्या आड येते. खुरीस दिसत नाही. शेजारच्या हरिश्चंद्राच्या माडाचा शेंडा दिसतो.

शिवाय चौकट आणि नवीन बोर्ड यांच्यामध्ये चारी बाजूंनी फट उघडी आहे. आत फोम दिसतो, पत्रा दिसतो. ती नीट बंद केली नाही तर पावसाचं पाणी चौकटीवरून थेट भिंतीच्या पोटात जाईल, आणि बाहेरून कुणाला कळणारही नाही. भिंत बांधणं सोपं आहे, खिडकीशी येऊन सगळे थांबतात. चंदनही थांबलाय. तो म्हणतो, ए.सी. लावायचा तर खिडकी हवीच कशाला, वरून बोर्ड मारून बंद करून टाकू. रोनीचंही साधारण तेच मत आहे. अजून ठरलेलं नाही.

पलंग अठ्ठावीस इंच कशाला? आपली खाट अठराची आहे. चढायला तुला पाट लागेल. मिरजेत उंदीर फार झालेत का?

एप्रिलचं नक्की असेल तर आधी कळव. घाई नको करू.

सांतान

*

मिरज, १७ फेब्रुवारी

बाब,

मला ए.सी. नको. कुणी सांगितलं ए.सी. हवा म्हणून? मला खिडकी हवी. बंद खोलीत मी चाळीस वर्षं ड्यूट्या केल्या आहेत.

उंच पलंग गुडघ्यांसाठी. खाली बसलं की उठवत नाही. तुझेच गुडघे माझ्याकडे आलेत असं समज.

खिडकी बंद करणार असाल तर तसं सरळ लिहा. मग मी यायचा विचार पुन्हा करीन. रागावून नाही लिहीत. रागवायला जोर लागतो.

एप्रिलचं नक्की आहे. मला घाई नाही, पण पावसाआधी यायचं आहे.

डोरथी

*

२० मार्च

बाय,

महिनाभर पत्र लिहिलं नाही. तीनदा लिहायला बसलो आणि कागद चुलीत घातला. आता लिहितो ते नीट वाच, आणि वाचून झाल्यावर मला काय बोलायचं ते बोल.

ती खोली तुझ्यासाठी नव्हती. रोनी ती पर्यटकांसाठी करत होता. किनाऱ्यावर आता घराघरात खोल्या दिल्या जातात, त्यालाही द्यायची होती. एप्रिलपासून माणसं यायची ठरली होती. तू पत्रात "माझ्यासाठी भिंत" म्हणून आनंदाने लिहिलंस, आणि ते वाचून मला खरं लिहायचा धीर झाला नाही. वाटलं, तू दरवर्षीसारखं येईन म्हणशील आणि राहून जाईल. मग सांगायची वेळच येणार नाही. अशी लबाडी मी केली. तुझ्या मापांना उत्तरं देत राहिलो, जणू खिडकी तुझीच आहे.

मागच्या आठवड्यात कानासाठी मालवणला दवाखान्यात गेलो. डॉक्टर जेवायला गेले होते. तिथल्या बाईने मला आत रोग्याच्या एका रिकाम्या पलंगावर बसवलं. बसलो, तर पाय जमिनीला लागेनात. माझ्या खिशात टेप असतेच, तुला माहीत आहे. काय सुचलं कोण जाणे, वाकून माप घेतलं. गादीसकट अठ्ठावीस.

मग मी कान न दाखवताच घरी आलो.

डोरथी, मी बाकं केली, दारं केली आणि या वाडीत जो गेला त्याची पेटीही मीच केली. आडव्या माणसाची मापं मी आयुष्यभर घेतली. तुझं माप तू स्वतः लिहून पाठवलंस आणि मी उंदरांची थट्टा केली.

त्या संध्याकाळी रोनीला म्हटलं, "खोली डोरथीची. माणसांका नाय म्हणान सांग." तो चिडला, आणि त्याचं अगदी चुकीचं होतं असंही नाही. म्हणाला, "अकरा वर्सां आंटी येतंय येतंय म्हणता. इली काय? तिच्यासाठी खोली बंद ठेवून आम्ही काय उंदीर पाळूचे?" ऐकू येत नसलं तरी हे मला ऐकू आलं. चंदनने त्याच दिवशी खिडकीवर बोर्ड मारून तिचं तोंड बंद केलं होतं.

मला कारण सांगायचं नव्हतं. ते तुझं होतं, माझं नाही. मी एवढंच बोललो, "तिचो पलंग अठ्ठावीस इंच आसा."

रोनीला काही कळलं नाही. मर्लिन मासे साफ करत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "माझ्या मायचो पलंग तेवढोच होतो. शेवटचे सात महिने." कधी नव्हे ते हळू बोलली, मी तिच्या ओठांवरून वाचलं. मग नवऱ्याला म्हणाली, "रोनी, त्या बोर्डाचे स्क्रू काढ. आताच काढ."

त्याने काढले. सगळे काढून झाल्यावर बराच वेळ खिडकीशी उभा होता. माणसांना त्यानेच कळवलं.

खिडकी आता मी करणार. चंदन गेला. कट्टा गावाहून दत्ताराम सुताराला बोलावलंय, कारण माझा हात करवतीवर थरथरतो. माळ्यावर फणसाच्या फळ्या आहेत, बारा वर्षं सुकलेल्या.

काय आहे ते लिहायचं तर लिही. नको असेल तर नुसती तारीख लिही.

सांतान

*

मिरज, २९ मार्च

बाब,

तू कबूल केलंस, आता मी करते.

मला माहीत होतं. जानेवारीत तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी इथल्या एका मुलीने मला फोनवर फोटो दाखवला. रोनीने टाकलेला. पश्चिमेची खोली, अर्धी झालेली भिंत, आणि खाली लिहिलेलं, समुद्रापासून चालत पाच मिनिटं, एप्रिलपासून. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं आणि त्यात यातलं काहीच नव्हतं. मी ते दोनदा वाचलं ते त्यासाठी.

मग मला समजलं नाही असं दाखवून उत्तर लिहिलं. माझ्यासाठी केलंत, बरं वाटलं, असं. थेट मागायला तोंड होत नव्हतं. अकरा वर्षं मी येते म्हणत राहिले आणि एकदाही आले नाही. आता पडायची वेळ आली तेव्हा खोली द्या म्हणायचं कसं? तेव्हा वाटलं, आभार आधीच मानले तर नाही म्हणायला तुम्हाला जड जाईल. वॉर्डात औषध नको म्हणणाऱ्या रोग्याला आम्ही असंच करायचो. तुम्ही किती शहाणे म्हणायचं, आणि गोळी तोंडाशी धरायची. तुला रोग्यासारखं वागवलं, त्याची माफी माग म्हणालास तर मागीन.

अठ्ठावीस मात्र मुद्दाम लिहिलं नव्हतं. चाळीस वर्षं पलंग म्हटला की तेवढाच. लिहून गेलं. तू विचारलंस तेव्हा कळलं की काय लिहून बसले, म्हणून गुडघ्यांवर ढकललं.

पोटात आहे, आता यकृतात गेलंय. ऑगस्टमध्ये कळलं. एकदा शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, ती जानेवारीत मीच थांबवली. ज्या डॉक्टरांना मी इंजेक्शन धरायला शिकवलं तेच मला समजावत होते, आणि त्यांनाच वाईट वाटत होतं, म्हणून मी त्यांना चहा पाजला. किती दिवस, हे मी विचारलं नाही. मला साधारण कळतं. पुढच्या नाताळची तयारी माझ्यासाठी करू नका.

मर्लिनला सांग, तिच्यावर सगळं टाकणार नाही. मालवणात माझ्या हाताखाली शिकलेली एक नर्स आहे, ती दिवसाआड येईल. पलंग मी इथून पाठवते आहे. रोनीला म्हणावं, खोली पुढच्या मोसमात पर्यटकांसाठी लागेल. हे टोचून लिहीत नाही. भिंत चांगली झाली आहे, ती वापरात राहायला हवी.

२६ एप्रिलला गाडीने येईन. पडून यावं लागेल.

फणसाचं लाकूड चांगलं. पिवळं असतं, मला आवडतं.

डोरथी

*

१४ एप्रिल

बाय,

खिडकी झाली. कशी झाली ते लिहितो, कारण दुसरं काही लिहायचा प्रयत्न केला तर जमत नाही.

आधी फट. चौकटीच्या भोवती फोम भरला, सुकल्यावर बाहेर आलेला सुरीने कापला, त्यावर सिलिकॉनची रेघ ओढली. दोन बादल्या पाणी बाहेरून खिडकीवर मारलं आणि आत बोटाने तपासलं. कोरडं. मग खालची फळी. एक सूतभरही वर चढवली नाही. उलट बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवला, पाणी परत जावं म्हणून.

वाद झाला तो उजव्या बाजूवर. दत्ताराम म्हणाला, दोन्ही बाजूंच्या फळ्या सरळ आत आणू, वर पट्टी मारू, चौकोनी पेटीसारखं सुबक दिसेल. मी म्हटलं, डावी सरळ ठेव. उजवी तिरकी हवी. चौकटीपाशी अरुंद, खोलीकडे रुंद. म्हणजे झडप आणखी मागे जाईल आणि त्या तिरक्या फळीला टेकून राहील. त्यासाठी नवा बोर्ड चांगला अर्धा फूट कापावा लागला, आतली पत्र्याची पट्टीही सरकवली.

त्याला ते पटेना. "सांतानबाब, एक बाजू सरळ, एक बाजू तिरकी. खिडकी वाकडी दिसतली. लोक म्हणतले, दत्तारामान दारू पिऊन काम केल्यान."

मी म्हटलं, "उभ्या माणसाक वाकडी दिसतली. निजलेल्या माणसाक सरळ दिसतली. तुका उभ्यासाठी करूची आसा की निजलेल्यासाठी?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली. किती तिरकी, हे ठरवायला सुतारकीच्या दोन लाकडी घोड्यांवर फळ्या टाकल्या, बरोबर अठ्ठावीस इंचांवर, उत्तरेच्या भिंतीला लावून. चढलो आणि आडवा झालो. मी डोळ्याने रेघ सांगायची, त्याने फळी धरायची. अजून इलकी. अजून. थांब. अर्धा तास असा पडून होतो. मध्येच दत्तारामाने वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पेटी कोणाची करतंय ता तरी सांगा." मी हसलो. तोही हसला. मग त्याला आठवलं आणि तो बाहेर जाऊन विडी ओढून आला.

आडवा पडलो होतो तेव्हा डोळा लागेल असं वाटत होतं. इतका थकवा आलाय, डोरथी. ऐंशी वर्षांचा झालो, पण हा थकवा वयाचा वाटत नाही. कितीतरी लोकांची शेवटची मापं घेतली तेव्हा हात हलला नाही. ही एक तिरकी फळी बसवायला चार दिवस लागले.

पण खुरीस दिसतो. चुना लावून घेतलाय. खालच्या दोन पायऱ्या दिसतात की नाही याची खात्री नाही. माझं डोकं तुझ्यापेक्षा मोठं आहे आणि मी उशी घेतली नव्हती.

ट्रंक परत आत ठेवली आहे, खिडकीखाली.

या वर्षी आपल्या घरची लादीन ३ मेला आहे. लादनीनंतर वाटायचे चणे मर्लिन शिजवणार.

सांतान

*

पश्चिमेची खोली, ४ मे

बाब,

तू अंगणात आहेस आणि मी आत आहे, पण तुला हाक मारून उपयोग नाही आणि मर्लिनला ओरडायला लावलं तर हरिश्चंद्राकडचे धावत येतील. म्हणून ही चिठ्ठी. ती आणून देईल.

दुपारचे तीन वाजलेत. बाहेर काय ऊन असेल ते तुझ्या टोपीवरून कळतंय. इथे भिंतीला हात लावला, थंड आहे. काल रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

खिडकी पाहिली. काल नर्सने मला जरा उठवून बसवलं, तेव्हा ती खरंच वाकडी दिसली. पुन्हा आडवी झाले आणि सरळ झाली. दत्तारामाला सांग.

पायऱ्या दिसतात. दोन्ही दिसतात. तू उशी घ्यायला हवी होतीस, पण पलंगाची डोक्याकडची बाजू वर करता येते.

कालची लादीन सगळी ऐकू आली. तुझा आवाज वेगळा कळतो. सगळे "आमच्यासाठी विनंती कर" म्हणायच्या आधीच तू म्हणून मोकळा होतोस, आणि मग पुढच्याची वाट बघत थांबतोस. कुणी तुला सांगत नाही. मीही सांगणार नव्हते. मी आतून तुझ्याबरोबर म्हणत होते, म्हणजे आपण दोघं पुढे आणि वाडी मागे.

आज सकाळी रोनी आत आला. झडपेच्या बिजागरीला तेल घातलं, दोनदा उघडून मिटून पाहिली आणि गेला. बिजागरी वाजत नव्हती. राहू दे, त्याला काही म्हणू नकोस.

एक गोष्ट राहिली. तू सगळं माप घेतलंस, पण लादनीला तू स्वतः कुठे उभा राहतोस ते धरलं नाहीस. काल तू बरोबर मध्ये होतास. खुरसाचा वरचा हात तेवढा दिसत होता, बाकी सगळी तुझी पाठ, तो निळा सदरा, मानेशी उसवलेला.

आज संध्याकाळच्या लादनीला तुला दोन पावलं बाजूला सरकायला सांगावं असं सकाळपासून मनात होतं. त्यासाठीच चिठ्ठी लिहायला घेतली.

नको सरकू. तिथेच उभा राहा.

डोरथी